आंदणातला किल्ला आणि कादंबरीतला गड

मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडाच्या परिसरात, माणसे रात्री बॅटऱ्या लावून शेते उकरत होती. मोगलांचे सोने हाती लागेल, ही आशा. महिन्याभरापूर्वीच ‘छावा’ चित्रपट आला होता आणि त्यात बुऱ्हाणपूरच्या मोगली खजिन्याची लूट दाखवली होती. चित्रपट शिवाजी सावंतांच्या १९७९ सालच्या कादंबरीवर बेतलेला. म्हणजे कागदपत्रांतून कादंबरी, कादंबरीतून पडदा आणि पडद्यावरून थेट कुदळ. त्याच सुमारास शिर्के घराण्यातल्या मंडळींनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणाला हरकत घेतली आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

टोल्किनच्या अंगठीसाठी कोणी कुठे खणल्याचे ऐकिवात नाही.

हा फरक वाटतो तितका साधा नाही. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये आली, मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादाने ‘स्वामी मुद्रिकांचा’ होऊन मराठीतही पोचली. ती वाचणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. रणजित देसाईंची ‘स्वामी’ किंवा ‘श्रीमान योगी’ वाचणाऱ्याला ते ठाऊक असतेच असे नाही. सोलापुरातल्या एखाद्या वाचकाने हिराचंद नेमचंद वाचनालयातून एका महिन्यात दोन्ही प्रकारची पुस्तके आणली, एकीकडे देसाई, सावंत, इनामदार आणि दुसरीकडे टोल्किन नि नाथमाधव, तर त्याच्या लक्षात पहिली गोष्ट येते ती ही, की दोन्ही फडताळांतला ऐवज फारसा वेगळा नाही. गड, भुयारे, वेषांतर, विश्वासू सेवक, फितूर नातेवाईक, एक राजा आणि त्याच्याभोवती गोळा झालेले मूठभर लोक. दुसरी गोष्ट लक्षात यायला थोडा वेळ लागतो. यांतल्या एकाही पुस्तकात सोलापूर नीटसे बसत नाही, आणि ते का बसत नाही हे शोधू लागले की मराठी ऐतिहासिक कादंबरीचे एक दुखणे हाती लागते.

आधी फडताळांबद्दल. मराठी कादंबरीचा जन्मच अद्भुताच्या घरातला. ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये आली खरी, पण तिच्या मागून वाचकांनी उचलून धरली ती लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८). राजपुत्र, राजकन्या, अपहरण, विरह, मीलन. मग १८७१ मध्ये रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तारा’त सुरू झाली आणि मराठीला पहिली ऐतिहासिक कादंबरी मिळाली. काळ शिवाजी महाराजांचा, पात्रे मात्र बहुतांशी कल्पित. ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ यांच्यात अंतर अवघ्या दहा वर्षांचे. वाचक तेच, त्यांची भूकही तीच. राजकन्येच्या महालाऐवजी किल्ल्याची कोठडी आली, एवढेच. पुढे गो. ना. दातार ‘कालिकामूर्ति’, ‘इंद्रभुवनगुहा’ अशा नावांनी इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कथानकांना मराठी पोशाख चढवत होते. नाथमाधवांनी तर एकाच हाताने अद्भुतरम्य ‘वीरधवल’ लिहिली आणि स्वराज्यमालेतल्या शिवकालीन कादंबऱ्याही. समीक्षकांनी वास्तववादाच्या नावाने अद्भुताला घराबाहेर काढले असे म्हणतात. ते बाहेर गेलेच नाही. नाव बदलून ऐतिहासिक कादंबरीच्या वाड्यात राहायला आले आणि तिथे त्याला मान मिळाला, पुरस्कार मिळाले, शाळेच्या बक्षीस समारंभात जागा मिळाली.

यात वाईट काही नाही. अद्भुताची सवय सोलापूरकरांना वेगळी लावावी लागत नाही. दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा प्रतीकात्मक विवाह लागतो, नंदीध्वजांच्या काठ्या खांद्यावर नाचत अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात, आणि ते पाहणाऱ्या गिरणी कामगाराच्या नातवाला हे ‘घडले होते का’ असा प्रश्न पडत नाही. गोष्टीचे सत्य कुठल्या जातीचे आहे हे त्याला आपोआप कळते. कुदळ घेऊन निघालेल्या माणसाचे नेमके हेच भान सुटते.

पण खरी अडचण खरेखोट्याच्या सरमिसळीत नाही. ती नायकात आहे.

टोल्किनच्या कादंबरीत फ्रोडो हजार संकटांतून अग्निपर्वताच्या कडेपर्यंत पोचतो आणि शेवटच्या क्षणी हरतो. अंगठी टाकायची सोडून ‘ही माझी’ म्हणतो. काम फत्ते होते ते गोल्लुम नावाच्या एका लाचार, बिघडलेल्या जीवाच्या हावरेपणामुळे. ज्या जगाचे सगळे नियम लेखकाने स्वतः केले, त्या जगातही त्याने नायकाला वाचवण्यासाठी नियम मोडला नाही. अंगठी कोणालाही सोडत नाही, मग फ्रोडोला तरी का सोडेल? आता १९६० नंतरच्या मराठी ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्या आठवाव्यात. १९६२ ची ‘स्वामी’, १९६७ ची ‘मृत्युंजय’, १९६८ ची ‘श्रीमान योगी’, मग ‘राऊ’, मग ‘छावा’. या कादंबऱ्यांत नायक चुकतो तेव्हा दोष बहुधा दुसऱ्याचा असतो. राघोबादादांचा, कुंतीचा, कारभाऱ्यांचा, मेहुण्यांचा. लेखक नायकाचे वकीलपत्र घेऊन उभा राहतो. ना. सं. इनामदारांनी तर अशीलच असे निवडले की ज्यांची बाजू इतिहासाने कधी ऐकली नव्हती. ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसरा बाजीराव, ‘शहेनशहा’मध्ये साक्षात औरंगजेब. या धाडसाचे कौतुक करायलाच हवे. पराभूतांच्या आणि नावडत्यांच्या वाटेला जाणारा दुसरा इतका लोकप्रिय कादंबरीकार मराठीत सापडणे कठीण. शिवाय या लेखकांनी कागद पाहिले नाहीत असेही नाही. ‘श्रीमान योगी’ला नरहर कुरुंदकरांच्या दीर्घ पत्राची प्रस्तावना आहे. ते पत्र कादंबरीपेक्षा अधिक वेळा वाचणारे वाचक महाराष्ट्रात आहेत.

तरीही वकीलपत्र ते वकीलपत्रच. खटला नायकाचा असला की मुलूख निव्वळ पंचनाम्यापुरता उरतो.

इथे सोलापूर येते. भीमा आणि सीना यांच्या खोऱ्यातला सपाट, कोरडा पट्टा. ना कडा, ना घाट, ना कोकणात उतरणारी वाट. रणजित देसाई कोवाडचे, सावंत आजऱ्याचे; दोघेही कोल्हापूर जिल्ह्यातले, सह्याद्री ज्यांच्या दारात होता असे लेखक. त्यांच्या कादंबरीचे नेपथ्य कड्याकपारींचे असावे हे स्वाभाविकच. सोलापूरचा किल्ला भुईकोट. बहमनी काळात बांधला गेला आणि बहमनी राज्य फुटल्यावर विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या बरोबर मध्ये सापडला. पुढची कथा कोणा अद्भुतकाराने रचली असती तर संपादकाने ‘फार झाले’ म्हणून कापली असती. १५२४ च्या सुमारास इस्माईल आदिलशहाच्या बहिणीचे, मरियमचे, लग्न बुऱ्हाण निजामशहाशी सोलापुरातच लागले. वधूबरोबर सोलापूरचा किल्ला आणि आसपासचा मुलूख देण्याचे ठरले होते, असे निजामशाहीचे म्हणणे. किल्ला मिळाला नाही. त्या न मिळालेल्या आंदणावरून पुढची कित्येक वर्षे लढाया झाल्या. मग १५६० नंतर दोन्ही घराण्यांनी पुन्हा सोयरीक केली. हुसेन निजामशहाची मुलगी चाँदबिबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर आंदण म्हणून पुन्हा हेच सोलापूर. या सोयरिकीतूनच दख्खनच्या सुलतानांची एकी झाली आणि जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगर कोसळले. म्हणजे एका साम्राज्याच्या अंताच्या आधीच्या देवघेवीत सोलापूरचा किल्ला मांडवात ठेवलेल्या भांड्याकुंड्यांच्या रांगेत होता.

किल्ला त्यानंतरही लढून कमी आणि कागदावर जास्त हिंडला. १६६८ च्या तहात आदिलशाहीने तो मोगलांना देऊन टाकला. १६८५ मध्ये विजापूरच्या वेढ्याच्या वेळी औरंगजेब इथे येऊन राहिला. अशा किल्ल्याचा नायक कोण? जो तो त्याचा धनी, आणि त्याचा असा कोणीच नाही. आत राहणारे गोलंदाज, बाहेरच्या पेठेतले कोष्टी, महसूल लिहिणारा कारकून, या सगळ्यांनी निष्ठा किती वेळा आणि कशी बदलली असेल? की बदललीच नसेल, फक्त वरचा शिक्का बदलला असेल? महापुरुषाच्या कादंबरीला हे प्रश्नच पडत नाहीत, कारण तिच्यात निष्ठा बदलणारा माणूस फितूर म्हणून एकाच खुंटीला टांगलेला असतो.

सबंध जिल्हाच असा मधला आहे. डिसेंबर १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या विजापूर मोहिमेत मंगळवेढे घेतले गेले तेव्हा शिवाजी महाराज मोगलांच्या बाजूने मोहिमेवर होते. पुरंदरच्या तहानंतरचे ते अवघड महिने कादंबऱ्या भरभर ओलांडतात. करमाळ्याचा किल्ला आणि कमलाभवानीचे मंदिर यांच्याशी नाव जोडले जाते ते रावरंभा निंबाळकरांचे. मराठा सरदार, पण चाकरी निजामाची. अकलूजला औरंगजेबाची छावणी असताना संभाजी महाराज पकडले गेल्याची बातमी तिथे पोचली. ‘छावा’च्या वाचकाला त्यापुढचे सगळे पाठ असते. पण त्या दिवशी अकलूजच्या बाजारात काय बोलले गेले असेल, हे लिहायला कोणाला वाव नव्हता.

आणि माचणूर. मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी माचणूर-ब्रह्मपुरीला १६९५ पासून चार-साडेचार वर्षे जगातल्या सर्वांत श्रीमंत साम्राज्याचा मुक्काम होता. त्याच वर्षी जेमेली कारेरी हा इटालियन प्रवासी कृष्णेकाठच्या गलगल्याला औरंगजेबाला भेटला. त्याने वर्णन केलेला बादशहा ठेंगणा आहे, वयाने वाकलेला, मोठ्या नाकाचा, पांढऱ्या साध्या कपड्यांतला, काठी टेकत येऊन अर्जांवर चष्म्याशिवाय स्वतःच्या हाताने शेरे लिहिणारा. मराठी पडद्यावरच्या कोणत्याही औरंगजेबापेक्षा हा म्हातारा जास्त भीतिदायक आहे, कारण तो कामात आहे. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला महापूर आला आणि छावणी बुडू लागली. मोगल इतिहासकार लिहितात, की बादशहाने स्वतःच्या हाताने कागदावर दुआ लिहिली, तो कागद पाण्यात सोडायला लावला आणि पूर उतरला. इतिहासाच्या ग्रंथात हे आहे! एखादी काल्पनिक कादंबरी लिहिणारा इथे थांबून विचारील, की या मंत्राची किंमत कोणी मोजली, हे कसे चालते, पुढच्या पुराला चालेल का? अद्भुताच्या लेखकाची ही शिस्त ऐतिहासिक कादंबरीकाराने उसनी घ्यावी अशी आहे. चमत्कार दाखव, पण त्याचा हिशेब ठेव.

इनामदारांची ‘मंत्रावेगळा’ या जिल्ह्याच्या सर्वांत जवळून जाते. २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि पेशवाई व्यवहारात तिथेच संपली. आष्टी आजच्या सोलापूर जिल्ह्यात आहे. मे महिन्यात मन्रोच्या इंग्रजी फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला. महाराष्ट्राच्या शाळकरी इतिहासात पेशवाईचा शेवट म्हणजे शनिवारवाड्यावर चढलेला युनियन जॅक. आष्टीचे माळरान त्यात नसते. तिथे ना वाडा आहे ना बुरूज, आणि मराठी कल्पनाशक्तीला दगडी भिंत दिसल्याशिवाय इतिहास दिसत नाही असे वाटावे इतके हे सातत्याने घडते.

हे असेच व्हायला हवे होते असे मात्र नाही. वॉल्टर स्कॉटने १८१४ मध्ये ‘वेव्हर्ली’ लिहून युरोपात ऐतिहासिक कादंबरी रुजवली. तिचा नायक मुद्दाम मध्यम कुवतीचा ठेवलेला आहे, दोन बाजूंच्या मध्ये हेलकावे खाणारा एक तरुण. खरे राजे-राजपुत्र कडेने जातात. हंगेरियन विचारवंत लुकाचने पुढे यावरच बोट ठेवले. असा मधला माणूसच वाचकाला दोन्ही छावण्यांत हिंडवू शकतो. महापुरुषाला एकाच छावणीत राहावे लागते. हरिभाऊ आपट्यांना हे कळले होते. ‘उषःकाल’ शिवकालावर असली तरी तिच्या केंद्रस्थानी आहे ते एका किल्लेदाराचे घर. बाप रंगराव आप्पा विजापूरच्या बादशहाशी इमानी, मुलगा नानासाहेब स्वराज्याकडे ओढला जाणारा. भुयारेबियारे सगळी आहेत, वाचकाच्या अद्भुताच्या भुकेला हरिभाऊंनी कमी पडू दिलेले नाही, पण खरा ताण बापाच्या इमानाचा आहे आणि ते इमान लेखकाने हास्यास्पद केलेले नाही. त्यांची ‘वज्राघात’ तर तालिकोटवरच. रामराजा आणि मेहेरजान यांची कल्पित प्रेमकथा, त्यातून उभा राहिलेला रणमस्तखान, दोन्ही बाजूंचा आणि म्हणून कोणाचाच नसलेला. १९१५ च्या सुमाराची ही कादंबरी आज पल्लेदार वाक्यांमुळे दमवते, पण तिच्यातला पेच पन्नास वर्षांनंतरच्या गाजलेल्या कादंबऱ्यांपेक्षा आधुनिक आहे. मधल्या काळात मराठी ऐतिहासिक कादंबरी पुढे गेली असे समजले जाते. भाषेने ती पुढे गेली. माणसाच्या बाबतीत ती मागे आली.

अलीकडच्या काळात हा धागा उचलला तो नंदा खऱ्यांनी. ‘अंताजीची बखर’ पानिपतापर्यंतचा काळ एका बेरकी, मिस्कील, जीव वाचवण्यात तरबेज माणसाच्या तोंडून सांगते. हा माणूस थोर नाही आणि ते त्याला माहीत आहे. विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’ने १९८८ मध्ये रडवले, तर खऱ्यांच्या बखरीने त्याच काळाबद्दल हसवले, आणि हसता हसता दाण्यागोट्याचा, पगाराचा, हेरगिरीचा हिशेब मांडला. वाचकांनी दोघांपैकी कोणाला डोक्यावर घेतले हे सांगायला नको.

सोलापूरचा या वाटेवरचा माणूस म्हणजे त्र्यं. वि. सरदेशमुख. अक्कलकोटात जन्मलेले, सोलापुरात राहिलेले. ‘बखर एका राजाची’ आणि ‘डांगोरा एका नगरीचा’ या त्यांच्या कादंबऱ्या संस्थानी जगावर आहेत. ‘डांगोरा’ला २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नावांतच पाहावे: राजा ‘एक’, नगरी ‘एक’. सरदेशमुखांनी विशेषनामांच्या दिव्याखाली गोष्ट मांडली नाही, त्यामुळे कोणा वंशजाला नोटीस पाठवायला जागा उरली नाही आणि लेखकाला कोणाची वकिली करण्याचे बंधनही. दरबार, त्याचे आश्रित, गावातली कुजबुज, सत्ता सडत जाताना लोकांच्या वागण्यात होणारे बदल, हा त्यांचा विषय. कल्पित नगरी रचून तिचे नियम काटेकोर पाळणे हे अद्भुतकाराचे काम. ते त्यांनी वास्तवाच्या मालमसाल्यावर केले. हे लेखन अवघड आहे, संथ आहे, आणि सोलापुरातही ते ‘छावा’इतके वाचले गेलेले नाही. पण मधल्या मुलखाचे लेखन कसे असू शकते याचा नमुना गावातच पडून आहे.

कोणी म्हणेल, लोकांना नायक हवा असतो, त्यात तुमचे काय जाते? आक्षेप रास्त आहे. ‘स्वामी’ने थेऊरला आणि ‘श्रीमान योगी’ने रायगडावर किती माणसे नेली याचा हिशेब नाही. १९४१ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वि. स. खांडेकर होते; त्यांची १९५९ ची ‘ययाति’, पुढे ज्ञानपीठ मिळवणारी, पुराणातल्या एका भोगलोलुप राजाला केंद्रस्थानी ठेवते आणि त्याला निर्दोष ठरवत नाही. म्हणजे नायक ठेवूनही वकिली टाळता येते, आणि असे पुस्तक घराघरांत वाचलेही जाते. प्रश्न नायक असण्याचा नाही. त्याला हरू द्यायची हिंमत लेखकात आणि ते सोसायची तयारी वाचकात आहे की नाही, याचा आहे.

आणि नायक हवेच असतील तर सोलापूरकडे १९३० चा मे महिना आहे. गांधीजींच्या अटकेनंतर उसळलेल्या शहरातून गोळीबार, जाळपोळ यांच्या धामधुमीत इंग्रजी अंमलच दोन-तीन दिवस नाहीसा झाला. १२ मेला लष्करी कायदा पुकारून सरकारला शहर परत घ्यावे लागले. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. चार नावे वाचली तरी गाव डोळ्यांपुढे येते. त्यांच्या पुतळ्यांचा चौक सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यावर घराघरांत पोचलेली कादंबरी नाही. चौघांपैकी कोणाला मध्यभागी ठेवायचे, या प्रश्नापाशीच महापुरुषाचा साचा अडखळतो. शिवाय सत्ता नसलेल्या त्या दोन-तीन दिवसांत शहर कसे चालले, दुकाने कोणी उघडली, भांडणे कोणी मिटवली, हा खरा कादंबरीचा ऐवज. आणि तिथे कोणी एक माणूस नायक नव्हता.

कानडीकडे पाहिले की ही उणीव जास्त टोचते. गिरीश कार्नाडांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात तालिकोटवर ‘राक्षसतंगडी’ हे नाटक लिहिले. भैरप्पांचे ‘पर्व’ उमा कुलकर्णींच्या अनुवादाने मराठी वाचकाने आपलेच मानले. त्यात महाभारतातले चमत्कार काढून टाकल्यावर माणसे किती मोठी राहतात ते पाहिले. सोलापुरात घरात कानडी, गल्लीत तेलुगू, बाजारात उर्दू आणि शाळेत मराठी अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. आदिलशाहीचा काळ लिहायला हेच कान लागतात. आणि त्या काळाला एक तयार निवेदकही आहे: फरिश्ता. मरियम आणि चाँदबिबी यांच्या लग्नांच्या व आंदणांच्या हकिकती ज्याच्या ग्रंथामुळे टिकल्या तो हा इतिहासकार आधी अहमदनगरच्या चाकरीत होता, तिथल्या कत्तलींतून वाचला आणि १५८९ मध्ये विजापूरला जाऊन राहिला. म्हणजे किल्ल्यावर हक्क सांगणाऱ्या दोन्ही घरांचे मीठ त्याने खाल्ले आणि नंतर दोघांचाही इतिहास लिहिला. अहमदनगराहून विजापूरला निघालेला माणूस वाटेत सोलापूरला थांबला असणार, असे मानायला कोणा इतिहासकाराची परवानगी लागत नाही. तिथून पुढे लिहायचे ते कादंबरीकाराने.